बिनमिठाचे दिवस

मंगळवार, ७ जानेवारी

डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. अगदी मौनव्रत नाही, "कामापुरतं बोला" म्हणाल्या. आता माझ्या बाबतीत कामापुरतं म्हणजे किती, हे त्या बिचारीला कोण सांगणार? डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई सकाळी शटर वर केल्यापासून बोलतच असते. पोळ्या करणाऱ्या नंदाशी बोलते, गिऱ्हाइकांशी बोलते, कोणीच नसेल तर आमटीशी बोलते. सध्या गळ्यावर आडवी पट्टी आहे आणि आतून निघतो तो आवाज गंजलेल्या कडीसारखा. महिना-दीड महिन्यात येईल म्हणतात जागेवर.

म्हणून ही वही. सर्वेशने, माझ्या लेकाने, आणून दिली. "आई, जे बोलायचंय ते ह्यात लिही," म्हणाला. हेतू चांगलाच असणार, पण त्याच्या तोंडावर सुटल्याचं समाधान होतं ते मी पाहिलं.

तर लिहिते. मी नीला परब, वय वर्षं छप्पन. गळ्यातली थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली, म्हणून गेल्या आठवड्यात ठाण्याच्या हॉस्पिटलात ती ग्रंथीच मुळासकट काढली. डॉक्टर म्हणाल्या, "सगळ्या कॅन्सरांत हा त्यातल्या त्यात सभ्य." आमच्या नात्यात सभ्य माणसांनीच मोठमोठे घोळ केलेत, त्यामुळे मी काही लगेच भुलले नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. दुकानात गुळाच्या पोळ्यांची झुंबड. मला वर घरात बसवून ठेवलं आहे आणि खाली माझी सून संचिता राज्य करते आहे. सर्वेश रात्रपाळीचा, ऐरोलीच्या कंपनीत अमेरिकेच्या वेळेवर जागतो आणि दिवसा झोपतो, त्याचा काही उपयोग नाही.

संचिता साताऱ्याची. लग्नाला तीन वर्षं झाली, दरवर्षी संक्रांतीला माहेरी पळते. यंदा हलली नाही. तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी ऐकत होते. "पुढच्या महिन्यात बघू गं," म्हणाली. मी मनात म्हटलं, कशाला हलेल? आयतं चालतं दुकान हातात आलंय. गादीची चटक वाईट.

शनिवार, १८ जानेवारी

ठाण्याला जाऊन आलो. शिळफाट्याला ट्रक आडवा पडला होता, त्यामुळे जाताना ह्यांनी, म्हणजे सुदेशरावांनी, संपूर्ण रस्तेबांधणीवर व्याख्यान दिलं. मी बोलू शकत नाही याचा इतका पुरेपूर फायदा त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच घेतला.

येताना मात्र गप्प होते. कारण छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसावर एक ठिपका दिसला आहे. डॉक्टर म्हणाल्या, "जुनं काहीतरी असेल. किंवा गळ्यातलं तिकडे पोचलं असेल. आत्ता सांगता येत नाही."

कधी सांगता येईल, तर फेब्रुवारीत. त्याची गंमत अशी. थायरॉइडच्या पेशींना आयोडीन लागतं. म्हणून रुग्णाला आधी दोन आठवडे आयोडीन बंद करतात. कुठे चुकार पेशी लपून बसल्या असतील तर त्या उपाशी होतात. मग थोडं किरणोत्सर्गी आयोडीन पाजतात. उपाशी पेशी त्यावर तुटून पडतात आणि फोटोत चमकतात. पेशींचं पोट भरलेलं असेल तर त्या ढुंकूनही बघत नाहीत, म्हणजे असूनही दिसत नाहीत. तोवर, काढलेल्या ग्रंथीच्या बदल्यात रोज लागणारी थायरॉइडची गोळीही द्यायची नाही.

पाहुण्यांना उपाशी ठेवून ओळखायची पद्धत मला नवीन नाही. लग्नघरात आम्ही हेच करतो.

सोमवार, २७ जानेवारी

आजपासून दुकानात उतरले. पट्टी गेली, वर ओढणी गुंडाळते. आवाज अजून खर्जात. फोनवर एका गिऱ्हाइकाने मला "काका" म्हटलं.

संचिताने नवंच काढलं आहे. मी वाटण सांगायला लागले की फोन समोर धरते आणि माझं बोलणं रेकॉर्ड करते. सुरमईच्या रश्शात तिरफळं कधी घालायची, कोकमाची सोलं किती भिजवायची, सगळं. "आई, परत एकदा सांगा ना, सावकाश. आणि मध्ये ते हसलात तसं हसा." हसण्याचा रश्शाशी काय संबंध? मी जिवंत असताना माझा मसाला काढून घ्यायची ही घाई बघा. तरी सांगितलं. विद्या दिल्याने वाढते म्हणतात, बघू किती वाढते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पथ्य सुरू. आयोडीनचं मीठ नको, मासे नकोत, दूध-दही नको, अंडं नको, बेकरीचं नको, बाहेरचं काही नको. मी विचारलं, "मग राहिलं काय?" आहारवाल्या मॅडम म्हणाल्या, "भात, डाळ, भाज्या, फळं. कितीतरी आहे की." बाई पक्की शाकाहारी असणार.

बिनआयोडीनचं मीठ शोधायला हे अर्धी डोंबिवली फिरले. एका दुकानातून मोठ्या ऐटीत सैंधवाची पुडी घेऊन आले. मागे बारीक अक्षरात "आयोडीनयुक्त" छापलेलं. शेवटी ठरवलं, दोन आठवडे सरळ अळणीच खायचं. मालवणच्या बाईने बिनमिठाचा भात आणि बिनमिठाचं वरण खाल्लं आणि हूं की चूं केलं नाही, ही नोंद इथे असावी. पथ्य म्हणजे पथ्य. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

दुकानात मात्र संचिताचा मिठाचा हात जड. बटाट्याच्या भाजीला तळहातावर थेंब घेतला तेव्हाच कळलं. फोडी वाढवायला लावल्या, पुन्हा बघितलं, मग ठीक झालं. माझी जीभ आहे म्हणून हे दुकान आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

रविवार म्हणजे माशांचं ताट. सकाळपासून सुरमई, बांगडा, कोळंबी. वासाने जीव कासावीस. पण मी एक तुकडा, अगदी कोळंबीचं शेपूटसुद्धा तोंडात घातलं नाही. याला म्हणतात निग्रह.

रस्सा आज हट्टाला पेटला होता. आंबट जास्त, मग खोबरं वाढवलं, मग मीठ उतरलं. सारखी तळहात चाटून बघत होते. शेवटी अशी चव साधली की समोरच्या इमारतीतले अण्णा परत वाटी घेऊन आले. अण्णा म्हणजे आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. तोंडाने कधी चांगलं म्हणत नाहीत, वाटी पुढे करतात.

दुपारी माझ्यासाठी अळणी मुगाची खिचडी. हे माझ्यासमोर बसून तीच खिचडी खात होते. म्हटलं, तुमची सुरमई काढून ठेवलीय. म्हणाले, "पोट जरा बरं नाही." गेल्या रविवारीही बरं नव्हतं. या माणसाचं पोट रविवारीच बिघडतं, म्हणजे शनिवारी बाहेर काहीतरी हादडत असणार. लक्ष ठेवायला हवं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गोळी बंद असल्याचे परिणाम दिसायला लागले. थंडी वाजते. डोंबिवलीत, फेब्रुवारीत! चेहरा सुजलाय, डोळे बारीक झालेत, बोलता बोलता शब्द हरवतात. अण्णा म्हणाले, "वहिनी, तब्येत सुधारली हो तुमची. गालावर तेज आलंय." इतक्या वर्षांत पहिलं कौतुक केलं आणि तेही सुजेचं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

उद्या स्कॅन होता. होता, असंच लिहावं लागतंय.

आधी लघवी तपासली. त्यात आयोडीन इतकं की डॉक्टरांनी कागद उलटून बघितला, दुसऱ्याचा तर नाही ना म्हणून. "परबबाई, पथ्य केलंत ना?" मी म्हटलं, "देवाशपथ." माझा आवाज तसाही चोराचा येतो सध्या. त्या म्हणाल्या, असं असताना स्कॅन केला तर काही दिसणार नाही आणि आपण उगाच खूश होऊ. तीन आठवडे पुढे. गोळीविना. पुन्हा पथ्य, पहिल्यापासून.

म्हणजे तो ठिपका आणखी तीन आठवडे माझ्या छातीत भाड्याने राहणार आणि कोण आहे ते सांगणार नाही.

येताना गाडीत रडू आलं. ह्यांनी खिडकीबाहेर बघत माझा हात धरला. मग मला राग आला. कोणीतरी माझ्या ताटात गडबड केली आहे. घरातलंच कोणीतरी. उद्या छडा लावते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

छडा लागला. लिहू की नको, असं झालंय. पण ही वही कोणी वाचत नाही.

सकाळी दुकानात सगळ्यांना उभं केलं. संशयित पहिली संचिता: माझ्या वरणात सवयीने मीठ टाकलं असणार. दुसरे हे: घर आवरायची हौस, बरण्यांची उलथापालथ केली असणार. तिसरी नंदा: कणकेत मीठ घालते आणि माझ्या पोळ्या वेगळ्या करायला विसरत असणार. नंदा दिवा गावातून येते, पहाटे पाण्याच्या टँकरशी भांडून आलेली असते, तिला माझं काय भय? "ताई, तुमच्या पोळ्या मी पयल्या करते, मीठ घालायच्या आधी. माझ्या पोरांची आण."

मी उलटतपासणी चालू ठेवली. हाताशी आमटी उकळत होती. एकीकडे बोलत होते, "एका माणसाच्या निष्काळजीपणाने माझा जीव टांगणीला लागला, कळतंय का," आणि एकीकडे डाव घातला, तळहातावर थेंब घेतला, चाटला, "संचिता, मीठ लागेल किंचित," म्हणून पुन्हा घेतला.

तिघंही माझ्या हाताकडे बघत होते.

"आई," संचिता हळूच म्हणाली, "हात."

"काय हाताचं?"

नंदाने पोळपाटावर लाटणं ठेवलं. "ताई, चोर घावला की!"

दिवसाला चार भाज्या, दोन आमट्या, कोशिंबीर, रविवारी मासे. प्रत्येकात तीन-चारदा बघायचं. हे सगळं मी खाल्लेलं धरलंच नव्हतं. चाखणं म्हणजे काय खाणं? आपण जेवायला बसतो ते जेवण. उभ्याने हातावर घेतलं ते काम. तीस वर्षं हेच करत आले. मासे न खाताही रस्सा मात्र वाटीभर पोटात गेला असेल त्या रविवारी.

हे हसायला लागले. हसता हसता बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी संचिताला म्हटलं, "तुला दिसत होतं तर आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "आई, मलापण आत्ताच दिसलं. तुम्ही चाखता हे मी रोज बघते, म्हणून दिसतच नव्हतं."

तिघांची माफी मागायला हवी होती. आवाज बसल्याचं निमित्त करून मी वर निघून आले.

रविवार, २३ फेब्रुवारी

मला स्वयंपाकाच्या कट्ट्यापासून हद्दपार केलं आहे. गल्ल्यावर बसायचं, पार्सल द्यायचं. सवय इतकी चिवट की काल पावडर लावताना तळहात तोंडाशी गेला.

संचिताला मीठ कसं कळणार म्हणून मी बाहेरून चिमटीने खुणा करत होते. मग मलाच आठवलं, गणपतीच्या नैवेद्याला आपण कुठे चाखतो? एकवीस पदार्थ, अंदाजाने, आणि एकही कधी फसला नाही. तिला सांगितलं, "देवाचं समजून कर. डोळ्याने, वासाने, आवाजाने. उकळताना आमटी स्वतःच सांगते." तिने तसं केलं.

दुपारी अण्णा वाटी घेऊन परत आले. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. वाईट अंमळ जास्तच.

हे आजही खिचडी घेऊन माझ्यासमोर. मी म्हटलं, "पोट का?" म्हणाले, "हो." मग नंदाने मला सांगितलं, ह्यांनी माझा रिपोर्ट येईपर्यंत मासे सोडलेत. जानेवारीपासून. आणि मी काय काय लिहून बसले होते! माझ्या खिचडीतली मोठी बटाट्याची फोड त्यांच्या ताटात टाकली. म्हणाले, "अळणी आहे गं फार." म्हटलं, सोडा की मग पथ्य. "नको," म्हणाले.

रविवार, २ मार्च

पाय सुजलेत. जिना चढायला बसून बसून जावं लागतं. आवाज सुधारतोय, पण बोलायचा कंटाळा येतो, हे माझ्या बाबतीत कोणी खरं मानणार नाही.

आज दुपारी एकटीच होते. आरशासमोर उभं राहून छातीवर उजव्या बाजूला बोट ठेवलं. साधारण इथे असेल तो. म्हटलं, अरे बाबा, कोण आहेस तू? जुना असशील तर राहा खुशाल. नवीन असशील तर सांगून टाक. मग मेथीची जुडी निवडायला घेतली, कारण मेथी निवडताना माणूस फार विचार करत नाही. ती संपल्यावर दुसरी घेतली.

संचिता वर आली, म्हणाली, "आई, आज मेथीची भाजी नाहीये." मी म्हटलं, "मग उद्या कर." तिसरी जुडी घेऊन तीही माझ्यासोबत निवडत बसली. खाली एवढं काम पडलेलं असताना! हिला धंदा कळत नाही अजून.

सोमवार, १० मार्च

लघवी पास! शाळेत गणितात पास झाले तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

मग औषध. जाड शिशाच्या डब्यात इवलीशी बाटली. देणारा माणूस ती पुढे सरकवून दाराबाहेर जाऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "घाबरू नका, प्या." ज्याला स्वतःला दाराआड लपावं लागतं त्याने मला धीर द्यावा! प्यायले. पाण्यासारखंच लागलं. अर्थातच अळणी.

बुधवारी फोटो, गुरुवारी रिपोर्ट. गुरुवारी होळी, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन बसलोय. मी म्हटलं, रिपोर्ट शुक्रवारी आणू. संचिता म्हणाली, "नाही. गुरुवारी. दुकान मी बघते." जरा जोरातच म्हणाली.

गुरुवार, १३ मार्च

सविस्तर लिहिते.

डॉक्टरांच्या खोलीत मी तयारी करून गेले होते. वाईट निघालं तर काय म्हणायचं ते गाडीतच जुळवलं होतं, म्हणजे हे कोसळले तर त्यांना सावरता येईल असं काहीतरी. डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवला. काळ्याकुट्ट माणसाचा आकार, तो मी. गळ्याशी एक बारीक चमक. आणि छाती पूर्ण काळी.

"फुप्फुसात काही नाही," त्या म्हणाल्या. "औषध त्या ठिपक्याकडे फिरकलंसुद्धा नाही. रक्ताची तपासणीही तेच सांगते. जुना व्रण आहे, लहानपणी कधी छाती भरली असेल. गळ्यात चिमूटभर उरलंय, ते बहुतेकांना उरतं. सोमवारी मोठा डोस देऊ, तीन दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, मग गोळी सुरू."

चांगलं निघालं तर काय म्हणायचं हे मी जुळवलंच नव्हतं. ह्यांनीच विचारलं, "म्हणजे मासे कधीपासून?" डॉक्टरांना वाटलं माझ्यासाठी विचारताहेत. बाहेर आल्यावर हे कॉरिडॉरमधल्या भलत्याच बाईला "चल गं" म्हणाले आणि तिच्याबरोबर चार पावलं गेलेसुद्धा.

मी संचिताला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून नुसता गॅसचा आवाज येत होता. मग ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मला असा राग आला! एवढी बातमी आणि "बरं"? शिळफाट्यापर्यंत मी ह्यांना ऐकवत होते, आवाज आहे तेवढ्यात. गादी परत द्यावी लागणार म्हणून तोंड पडलं असेल, असंही म्हटलं. हे नेहमी तिची बाजू घेतात, आज नाही घेतली. फक्त म्हणाले, "घरी चल, मग बघ."

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. होळीच्या दिवशी, ऐन दुपारी! नंदा बाहेर स्टुलावर पार्सलं मांडून लोकांना देत होती. "ताई, फोन आला तशी आत जाऊन बसलीय. मी इचारलं तर बोलंना."

वाकून आत गेले. संचिता जमिनीवर, पिठाच्या पोत्याला टेकून बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पुरणाने भरलेले, म्हणून डोळे दंडाने पुसत होती, आणि दंड पुरत नव्हता. हिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या ऑपरेशनच्या दिवशीही ती डबे भरत होती.

मी तिच्या शेजारी बसले. सध्या खाली बसायचं म्हणजे माझा एक कार्यक्रमच असतो, धरून धरून.

"अगं, चांगला आलाय रिपोर्ट."

"माहितीय."

"मग?"

"मग काही नाही." नाक ओढलं तिने. "आई, मला हे दुकान नकोय. मला नाही जमत. मला फक्त आठ दिवस झोपायचंय."

"जा की साताऱ्याला. सांगायचं नाहीस का?"

"कशी जाणार? मला रोज वाटायचं, मी तिकडे असेन आणि तुम्ही इकडे..."

माझ्याकडे उत्तरं तयार असतात. मी कुठे जातेय, तुला त्रास द्यायला अजून वीस वर्षं आहे, वगैरे. या वहीतही पानोपानी तेच केलंय, बघितलं मगाशी चाळून. जानेवारीपासून मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांना नाही, सर्वेशला नाही, इथेसुद्धा नाही.

"मलाही वाटायचं," मी म्हटलं. "रोज. सकाळी उठल्याबरोबर पहिलं तेच. फार भीती वाटायची गं मला."

तिने पुरणाच्या हातांनीच मला मिठी मारली. माझी चांगली साडी. मग मीही रडले, मोठ्याने, त्या घोगऱ्या आवाजात, लाज न बाळगता.

बाहेर अण्णा शटर वाजवायला लागले. "वहिनी, माझ्या पोळ्या! नैवेद्य खोळंबलाय!" संचिता उठायला लागली. मी तिला हाताला धरून खाली बसवलं.

"वाजवू देत," म्हटलं.

अण्णा वाजवत राहिले. आम्ही दोघी तशाच बसून होतो.